पत्ता नसलेल्या माणसाविषयी बोलताना

शाळेच्या प्रवेश अर्जात 'कायमचा पत्ता' असा एक रकाना असतो. दरवर्षी जून महिन्यात काही पालक त्या रकान्यापाशी येऊन थांबतात. कुणी गावाचे नाव लिहितात. पण त्या गावात त्यांचे घर आता उरलेले नसते. कुणी ऊसतोडीची उचल देणाऱ्या मुकादमाचा पत्ता सांगतात. एखादी माउली पेन तसेच हातात धरून हळू आवाजात विचारते, "पुलाखाली राहतो, असं लिहिलं तर चालेल का?" शाळेत काम करणाऱ्या आम्हा सर्वांना हा प्रश्न परिचयाचा आहे. घर नाही याचे दुःख त्या माउलीने केव्हाच पचवलेले असते. लोक त्याबद्दल काय बोलतील, मुलाला वर्गात काय ऐकावे लागेल, याची धास्ती मात्र तिच्या आवाजात असते.

ही धास्ती निराधार नाही. बेघर माणसाविषयी आपण सारेच किती सहज बोलतो! 'आळशी', 'गर्दुल्ले', 'चोर', 'शहराची घाण' हे शब्द सुशिक्षित घरांतही सर्रास ऐकू येतात. खेदाची गोष्ट अशी की, ते आता आपल्या समाजाच्या मेळाव्यांतही ऐकू येऊ लागले आहेत. ज्यांचे आईवडील १९७२ च्या दुष्काळात बिऱ्हाड डोक्यावर घेऊन मुंबई-पुण्याकडे निघाले, त्यांचीच मुले आज आपल्या सोसायटीसमोरची पाले उठवण्यासाठी अर्ज करतात. हे आम्ही दोष देण्यासाठी लिहीत नाही. आपलीही जीभ कधीकधी घसरली आहे, याची कबुली म्हणून लिहीत आहोत.

अशा वेळी आम्हाला बडोदे आठवते. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठातील उच्च शिक्षण त्यांच्या पाठीशी होते. नोकरी होती, भाडे देण्याची तयारी होती. तरीही राहायला जागा मिळेना. अखेर पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. दोघांनीही तो टाळला. मुंबईची गाडी रात्री होती, तोवरचे तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. विद्वत्ता, उद्योगशीलता, सचोटी यांपैकी कशाचीही उणीव नसलेला माणूस त्या दिवशी बेघर होता. उणीव होती ती दार उघडणाऱ्यांची. आडनाव विचारून खोली नाकारली गेल्याचा अनुभव आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांनी आजच्या शहरांतही घेतला आहे. त्यांना ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

बेघर म्हणजे कोण, हेही नीट समजून घेतले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. रस्त्याच्या कडेला, पदपथावर, सिमेंटच्या मोठ्या पाइपांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, रेल्वे फलाटावर राहणारे असे देशभरात सुमारे १७.७ लाख लोक नोंदले गेले. त्यांपैकी दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रातील होते. हमाली करणारे, नाक्यावर मजुरीसाठी उभे राहणारे, कचरा वेचणारे, लग्नसमारंभात भांडी घासणारे असे कितीतरी लोक या आयुष्यात आढळतात. दिवसभर शहर उभे करायचे आणि रात्री त्याच शहराच्या कडेला निजायचे, असे हे जिणे आहे. घरातल्या मारहाणीमुळे बाहेर पडलेल्या स्त्रिया, मुलांनी टाकलेले वृद्ध, उपचार न मिळालेले मनोरुग्णही यांत आहेत. भटक्या-विमुक्तांच्या कपाळी तर १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. गावात काही चोरीला गेले की पहिला संशय पालावर घेण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही.

यावर कुणी म्हणेल, "निवारा केंद्रे आहेत, मग ही माणसे तेथे का जात नाहीत?" प्रश्न रास्त आहे. शासकीय मार्गदर्शक सूचनांनुसार दर एक लाख नागरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी कायमस्वरूपी निवारा अपेक्षित आहे. पण निवारा कामाच्या जागेपासून दूर असेल, तर पहाटेची मजुरी बुडते. पुरुष एकीकडे आणि बायका-मुले दुसरीकडे ठेवायची असतील, तर कुटुंब रस्त्यावर एकत्र राहणेच पसंत करते. कुणी व्यसनात बुडालेलेही असतात, हे आम्ही नाकारत नाही. पण व्यसन बंगल्यातही असते. तेथे त्याला आजार म्हणतात आणि रस्त्यावर मात्र ते गुन्हा ठरते.

कायद्याची भाषाही हळूहळू बदलत आली आहे. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने भीक मागणे हा गुन्हा ठरवला. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातील अनेक तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. मुंबईच्या पदपथवासीयांच्या प्रकरणात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले. त्याच निकालाने रीतसर सूचना देऊन पदपथ मोकळे करण्याची मुभाही दिली, हे विसरता येत नाही. न्यायालय हक्काला नाव देऊ शकते. शेजाऱ्याच्या मनात जागा करणे हे शेजाऱ्याचेच काम आहे.

आपल्या धम्मात गृहत्यागाला मोठे स्थान आहे. पण भिक्खूने स्वेच्छेने सोडलेले घर आणि गरिबाकडून हिसकावले गेलेले घर यांत महदंतर आहे. शिवाय झाडाखाली आणि गुहांत राहणाऱ्या भिक्खूंसाठी राजगृहाच्या श्रेष्ठीने विहार बांधू इच्छिले, तेव्हा भगवंतांनी त्यास अनुमती दिली, असे विनयपिटक सांगते. थंडी, ऊन, पाऊस आणि सरपटणारे प्राणी यांपासून रक्षण व्हावे, हा निवाऱ्याचा हेतू तेथे मानला आहे. ज्यांनी घराची आसक्ती सोडली त्यांनाही छप्पर लागते. मग ज्यांच्या पदरात तान्हे मूल आहे त्यांचे काय?

सम्यक वाचा हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. बेघरांविषयी बोलताना ते कसोटीला लागते. 'सगळे आळशी असतात' हे असत्य वचन आहे. एखाद्या कुटुंबाची अडचण चारचौघांत पसरवणे ही चहाडी आहे. 'भिकारडे' हे कठोर वचन आहे. आणि ब्लँकेट देताना, समोरच्याला न विचारता छायाचित्र काढून त्यावर हळहळ व्यक्त करणे हा निरर्थक प्रलापच आहे. करुणा असेल तर आपण आधी त्या माणसाचे नाव विचारू.

१९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. शिकू इच्छिणाऱ्या मुलाला आधी छप्पर हवे, हे त्यामागचे साधे सत्य होते. आपली निवासी शाळाही त्याच सत्यावर उभी आहे. येथे राहिलेल्या प्रत्येकाने कधीतरी दुसऱ्याने दिलेल्या छपराखाली रात्र काढली आहे आणि सकाळी अभ्यासाला बसला आहे. त्या छपराचे ऋण आपल्यावर आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. आपल्या भागातील एका तरी बेघर कुटुंबाची ओळख करून घ्या. आधार कार्ड, शिधापत्रिका, मुलांचा शाळाप्रवेश यांसाठी त्यांच्यासोबत कार्यालयात जा. सोबत शिकलेला माणूस असला की खिडकीमागचा आवाज बदलतो. पालकांनी आपल्या मुलांसमोर या माणसांविषयी बोलताना शब्द जपून वापरावेत. आणि आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे की, पुलाखालून आलेल्या मुलाच्या अर्जावरील पत्ता वर्गात कधीही मोठ्याने वाचला जाणार नाही. त्या माउलीने पुन्हा विचारले, तर आमचे उत्तर असेल, "लिहा ताई, चालेल. आणि मुलाच्या नावापुढे आजपासून आपल्या शाळेचाही पत्ता लिहा."