बांगड्या फोडायला हात देऊ नका



नवरा गेला की बाईच्या कपाळाचं कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात, जोडवी काढतात, बांगड्या फोडतात. तिला धड शुद्धही नसते. हे करतं कोण? आपणच. जाऊ, चुलत सासू, शेजारीण. आणि पुष्कळदा, जिच्यावर आधी हेच गुदरलं ती. प्रथेला हात लागतात, आणि ते आपण पुरवतो.

हात मागे घेता येतात. 1890 साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. वस्तरा ज्यांच्या हातात होता, त्यांनीच तो खाली ठेवला. केशवपनही तेव्हा धर्मच मानलं जात होतं. आज कुणाच्या घरात ते चालेल?

मे 2022 मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. ते परिपत्रक आपल्या पंचायतीतही आलं असणार. मग आपल्या गावात अजून बांगड्या का फुटतात?

कारण प्रथा घरापुरती नाही, ती आपल्या संस्थांमध्येही मुरली आहे. संक्रांत ते रथसप्तमी शाळा, पतसंस्था, पक्ष, महिला मंडळं हळदीकुंकू करतात आणि आमंत्रणं फक्त सुवासिनींना देतात. बचत गटाचे हप्ते वेळेवर भरणारी, गटाचा हिशेब ठेवणारी बाई विधवा असली, तर तिच्याच गटाच्या कार्यक्रमात तिने मागे उभं राहायचं. पोटच्या मुलीला हळद लावायची वेळ आली की बाजूला सरायचं. ज्या पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तिथे हे चालतं, याची आम्हाला चीड येते.

कुणी म्हणतात, तिलाच नको असतं, ती स्वतःच मागे राहते. राहणारच! पुढे आली की कोण कसं बघतं, हे तिने भोगलेलं आहे. आधी ते बघणं थांबवा, मग तिला विचारा. कुंकू लावायची सक्ती आम्हाला नको, पुसायचीही नको. कपाळ तिचं आहे.

म्हणून 26 जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही ठराव मांडणार आहोत: अंत्यविधीच्या वेळी किंवा नंतर कुणाचंही कुंकू पुसलं जाणार नाही, मंगळसूत्र, जोडवी, बांगड्यांना कुणी हात लावणार नाही, आणि पंचायत, शाळा, बचत गट यांच्या कोणत्याही कार्यक्रमात सुवासिनी आणि विधवा असा भेद होणार नाही. पुरुषांनी घरात थांबू नये, आपल्या पश्चात बायकोचं काय व्हावं हे सभेत उभं राहून सांगावं. आणि संक्रांतीच्या पत्रिका अजून छापायच्या असतील, तर त्या सगळ्या बायकांच्या नावाने छापा.