पाठीवर कोणाचे नाव?

25 मे हा जागतिक फुटबॉल दिन म्हणून पाळावा, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2024 मध्ये केला. 1924च्या पॅरिस ऑलिम्पिकमधील फुटबॉल स्पर्धेला त्या दिवशी शंभर वर्षे पूर्ण होत होती. आपल्याकडे हा दिवस ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो. यंदा त्याच्या पाठोपाठ, 11 जूनपासून, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत 48 संघांचा विश्वचषक रंगणार आहे. त्यामुळे ऊन कलले की नाशिकच्या कॉलन्यांमधल्या मोकळ्या जागा गजबजतात. दोन चपला इकडे, दोन विटा तिकडे, की गोल तयार. बहुतेकांच्या अंगात दहा किंवा सात क्रमांकाचा टी-शर्ट आणि पाठीवर मेस्सी, रोनाल्डो किंवा एम्बापे. धुऊन धुऊन अक्षरे सोलपटलेली असतात. एखाद्याने साध्या पांढऱ्या बनियनवर मार्करने नाव काढलेले असते. या पाठींवर महाराष्ट्राचे नाव दिसत नाही, भारताचे क्वचितच दिसते.

मेस्सीवर जीव टाकू नका, असे या मुलांना कोण सांगेल? वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असलेला, वयाच्या मानाने खुजा राहिलेला रोझारिओचा एक मुलगा उपचारांचा खर्च उचलणाऱ्या क्लबच्या शोधात तेराव्या वर्षी बार्सिलोनाला जातो आणि पुढे जगाला वेड लावतो, ही कथा कोणत्याही मुलाने उराशी धरावी अशीच आहे. गेल्या 14 डिसेंबरला तो मुंबईत आला तेव्हा त्याला नुसते पाहायला हजारोंनी तिकिटे काढून वानखेडे गाठले. आदल्याच दिवशी कोलकात्यात मात्र तो नीट दिसलाच नाही म्हणून प्रेक्षकांचा संयम सुटला, बाटल्या आणि खुर्च्या मैदानात आल्या. दूरच्या ताऱ्यावरचे प्रेम खरे असले तरी त्याच्यापर्यंत जाणारी वाट मुलाला दिसत नाही. ती दाखवायला जवळचे कोणीतरी लागते, आणि हे नाशिककरांइतके दुसऱ्या कोणाला पटणार नाही.

कारण आपण ते पाहिले आहे. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत. 2010च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक जिंकले. त्याआधी राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर एकाही भारतीय महिलेला वैयक्तिक पदक मिळालेले नव्हते. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्य मिळवले. पदकांपेक्षाही मोठी गोष्ट पुढे घडली. पाड्यावरची, हंडा घेऊन चढ-उतार करणारी मुलगी धावून देशासाठी पदक आणू शकते, हे त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, दिंडोरीच्या घराघरांत कळले. आईबाप मुलींना प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्याकडे नाशिकला पाठवायला तयार झाले. दिंडोरी तालुक्यातली मोनिका आथरे 2017 मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. चांदवडसारख्या दुष्काळी तालुक्यात, तळेगाव रोहीत वाढलेला दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर नौकानयन शिकला आणि 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकमध्ये उतरला. ‘आपल्यातली’, ‘आपल्यातला’ म्हणता येईल अशा एका माणसाने किती दारे उघडतात, याचा हा आपल्या जिल्ह्यातला पुरावा आहे.

फुटबॉलमध्ये नाशिकला अशी कविता अजून मिळालेली नाही.

कोल्हापूरकडे पाहिले की फरक कळतो. तिथे फुटबॉल तालमींच्या नावाने खेळला जातो: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. मोठा सामना असला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरून जातात. ज्याने कालच्या सामन्यात गोल मारला तो आज सकाळी गल्लीतल्या दुकानात दूध आणताना भेटतो. पोरे त्याच्या मागेपुढे करतात, त्याच्या बुटांकडे बघतात, त्याने पाठीवर थाप मारली तर आठवडाभर सांगत फिरतात. या मातीतूनच अनिकेत जाधव वर आला. रिक्षाचालकाचा हा मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि ऑक्टोबर 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीच्या फळीत खेळला. भारत तिन्ही सामने हरला, पण फिफाच्या विश्वचषकात भारताचा संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ होती आणि त्यात एक कोल्हापूरकर होता. त्यानंतर शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेल्या मुलाला भारताची जर्सी ही परक्यांची गोष्ट वाटली नसणार. या वेडाची दुसरी बाजूही लपवू नये. समर्थकांच्या हुल्लडबाजीने तिथे सामने थांबवावे लागले आहेत. अशा वेळी पंचाचा निर्णय मान्य करणारा, आपल्याच समर्थकांना हात जोडून खाली बसवणारा खेळाडू हा गोल मारणाऱ्याइतकाच मोठा मानला पाहिजे. मुले दोन्ही पाहत असतात.

नागपूरचे उदाहरण आणखी पुढचे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली मुले पाहिली, त्यांच्या हाती चेंडू दिला आणि 2001 पासून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मुळे बारसे सर घरोघरी पोहोचले. त्यांच्या मैदानावर आलेला अखिलेश पॉल गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला तरुण होता. तोच 2010 मध्ये रिओच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कर्णधार झाला आणि पुढे प्रशिक्षक होऊन आपल्यासारख्याच मुलांना शिकवू लागला. चुकलेला माणूस मैदानामुळे सावरला आणि इतरांना सावरायला परत आला, यापेक्षा आदर्शाची निराळी व्याख्या आम्हाला सुचत नाही. सेनेगलच्या सादिओ मानेने हेच मोठ्या प्रमाणावर केले. त्याच्या बांबाली गावात रुग्णालय नव्हते. वडील लहानपणीच गेले. युरोपात पैसा मिळाल्यावर त्याने गावात शाळा बांधली, रुग्णालय बांधले. सुरगाण्याच्या माणसाला बांबाली वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आणि सुनील छेत्री. 1 जून 2018 रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला 5-0 हरवले, छेत्रीने हॅट्ट्रिक केली, पण पाहायला माणसे होती जेमतेम अडीच हजार. दुसऱ्या दिवशी कर्णधाराने समाजमाध्यमावर चित्रफीत टाकली. आम्ही युरोपच्या दर्जाचे नाही हे मान्य, शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा, असे त्याचे हात जोडून सांगणे होते. 4 जूनला केनियाविरुद्धचा सामना हा त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. सगळी तिकिटे संपली. मुंबईचा पाऊस कोसळत होता, चेंडू चिखलात अडत होता, तरी लोक जागचे हलले नाहीत. उत्तरार्धात छेत्रीने पेनल्टीवर गोल केला, लगेच सहकारी जेजेने दुसरा आणि अगदी शेवटी पुन्हा छेत्रीने तिसरा. शेकड्याने सामने खेळलेल्या माणसाला प्रेक्षकांसाठी पदर पसरावा लागला याचे वाईट वाटते. पण त्याने पसरला, आणि लोक आले. भारतीय फुटबॉल आजही अडचणीत आहे. 2025-26ची इंडियन सुपर लीग वेळेवर सुरूसुद्धा होऊ शकली नाही. म्हणून ती विनंती शिळी झालेली नाही.

मुलींचे वेगळे सांगायला हवे. 5 जुलै 2025 रोजी भारतीय महिलांनी थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. पात्रता फेरी जिंकून ती मिळवण्याची ही पहिलीच वेळ. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ज्या जिल्ह्याने धावणाऱ्या मुली देशाला दिल्या, तिथल्या किती शाळांनी हे नाव परिपाठात घेतले असेल?

आता मागणी. चांगली मैदाने हळूहळू तासाच्या भाड्याच्या टर्फमध्ये अडकत चालली आहेत. ज्याच्या खिशात भाडे नाही तो मुलगा जाळीबाहेर उभा राहतो. सिंहस्थासाठी रस्ते, पूल, घाट यांवर मोठा खर्च होत आहे. त्याच आराखड्यात महापालिकेने प्रत्येक विभागात किमान एक मैदान सपाट करून, पाण्याचा निचरा करून, दोन खरे गोलपोस्ट रोवून मुलांना फुकट खुले करावे. सैन्यातून, रेल्वेतून, पोलिसांतून निवृत्त झालेले फुटबॉलपटू शहरात आहेत, त्यांना मानधनावर तिथे नेमावे. शाळांनी आंतरशालेय सामना हा क्रीडा शिक्षकांचा उपचार न समजता पालकांना बोलावून खेळवावा. आणि वृत्तपत्रांनी, आमच्यासह, गोल करणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे पूर्ण नाव, गाव आणि शाळा छापावी. कविता राऊतचे नावही आधी स्थानिक निकालांतच येत असे.

विश्वचषकाचे सामने आपल्याकडे रात्री उशिरा आणि पहाटे दिसतील. ते जरूर पाहा, मुलांना उठवून दाखवा. पण पावसाळ्यात जिल्हा आणि शालेय स्पर्धा सुरू होतील, तेव्हा त्यातला एक तरी सामना मुलांना घेऊन मैदानावर जाऊन पाहा, आणि चांगला खेळलेल्या खेळाडूला सामना संपल्यावर त्याचे नाव विचारा.