गवत खरवडू नका, माती झाका



मे महिना संपत आला की आमच्या दिव्यात दोन गोष्टी हमखास दिसतात. एक पाण्याचे टँकर आणि दुसरी सोसायट्यांची ‘पावसाळ्याआधीची साफसफाई’. टँकरबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन, तो विषय निघाला की माझा आवाज चढतो. आज साफसफाईबद्दल लिहिते.

फावडं आणि खुरपं घेऊन दोन माणसं येतात. कंपाउंडच्या भिंतीलगतचं गवत, झाडांखालचं गवत, वाफ्यांच्या कडेचं गवत, सगळं खाली लाल मुरूम दिसेपर्यंत खरवडून काढतात. मग आपण बायका जिन्यात उभ्या राहून म्हणतो, ‘आता कसं स्वच्छ वाटतंय!’ मीही म्हणत होते, अगदी दोन वर्षांपूर्वीपर्यंत.

त्या वर्षी जुलैमध्ये एका रात्री जोराचा पाऊस झाला. आम्ही तळमजल्यावर राहतो. पहाटे चारला समोरच्या भाभींनी दार वाजवलं, त्यांच्या स्वयंपाकघरात घोटाभर पाणी शिरलं होतं. खालच्या कप्प्यातली तूरडाळ, गहू, पापडाचे डबे, सगळं ओलं. चातुर्मासात धान्य ओलं होणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. ऊन नाही, पंख्याखाली चादरीवर पसरून किती वाळणार? तिसऱ्या दिवशी वास यायला लागला. भाभी डाळ निवडत बसल्या होत्या आणि रडत होत्या. डाळ गेली म्हणून नाही, त्यात जीव पडतील म्हणून.

सकाळी गटारावरचं झाकण उचललं तर आत गच्च गाळ. सगळ्यांनी नेहमीप्रमाणे महापालिकेला आणि ठेकेदाराला बोल लावले. मी जवळ जाऊन पाहिलं. लाल माती होती आणि तिच्यात नारळाच्या शेंड्यांचे तुकडे होते, तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या होत्या. मेमध्ये मीच माझा वाफा खुरपून, नवीन माती घालून, छान उंच ढीग करून ठेवला होता. त्यातली निम्मी माती त्या गटारात बसली होती. भाभी मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. त्यांना ते कळलं होतं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

नर्सरीतून गोणीला पैसे मोजून आपण लाल माती आणतो, पावसात ती वाहू देतो आणि मग तीच गटारातून उपसायला पुन्हा पैसे देतो. हिशोबाच्या पक्क्या म्हणवणाऱ्या आपण, आपल्याला हा व्यवहार दिसत कसा नाही?

पाऊस मातीचं काय करतो ते पाहायचं असेल तर वाफ्याशेजारची भिंत बघा. पहिल्या चार सरींनंतर दीड-दोन फुटांपर्यंत लाल शिंतोडे उडालेले असतात. जोराच्या पावसातला मोठा थेंब तासाला तीस किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. उघड्या मातीवर तो आपटला की ढेकूळ फुटतं, बारीक कण सुटे होतात, वरचा थर लिंपल्यासारखा बंद होतो आणि पाणी आत मुरायचं सोडून वरूनच पळायला लागतं. पळताना सुटे झालेले कण घेऊन जातं. मधे एखादं पान, गवताची काडी, काहीही असलं की थेंबाचा जोर तिथेच मोडतो.

हे वाचलं तेव्हा मला आपली जिवाणी आठवली. पाणी गाळल्यावर जिवाणी आपण उंचावरून ओतत नाही. कडीच्या बालटीने पाण्यापर्यंत नेऊन अलगद सोडायची, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, कारण उंचावरून आपटल्याने जीवांना इजा होते. एवढी काळजी घेणाऱ्या घरातली जमीन मात्र चार महिने उघडी, आभाळातून येणाऱ्या थेंबांखाली.

माझं माहेर हातकणंगले तालुक्यातलं, माळरानाचं. तिथे आमच्या समाजातली बहुतेक घरं शेतकऱ्यांची. शेताला आम्ही रान म्हणतो आणि उताराला आडव्या घातलेल्या मातीच्या बांधाला ताल. १९७२ च्या दुष्काळात अशा बांधबंदिस्तीची कामं गावोगाव निघाली होती, त्यावर राबलेली माणसं माझ्या लहानपणी घरोघर होती. जोराचा वळीव झाला की आजोबा जेवणाचं ताट बाजूला सारून आधी ताल फुटली का ते बघायला जायचे. म्हणायचे, ‘बाळ, पाणी गेलं तर जाऊ दे, पुन्हा येईल. रान जायला नको.’ तालीवरचं गवत ते कधी उपटू देत नसत. भांगलण रानात करायची, तालीवर नाही. जनावरांसाठी वरून कापून न्यायचं, मुळाला हात लावायचा नाही. बोटाच्या पेराएवढा मातीचा थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात हे त्यांना कुठल्या पुस्तकातून माहीत नव्हतं. पण गेलेली माती आपल्या हयातीत परत येत नाही, हे पक्कं माहीत होतं.

आता थोडं धर्माचं. पृथ्वीकायिक, जलकायिक, वनस्पतिकायिक हे शब्द आपण पाठशाळेत घोकलेत. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हेही माहीत आहे. पण अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या आहे. गरज नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, झाडपाला तोडणं. मेमधल्या त्या साफसफाईत मला हे तिन्ही दिसतं. कुणाचं पोट त्यावर अवलंबून नाही, घरात त्यातून काही येत नाही, फक्त डोळ्यांना बरं दिसावं म्हणून. आणि माती वाहून गेल्यावर पुन्हा कुठेतरी टेकडी खणून नवीन गोणी भरली जाते, ती हिंसा तर आपल्या डोळ्यांआडच होते. हे माझ्या बुद्धीला पटलेलं सांगतेय. तुम्ही चातुर्मासात महाराजांना किंवा माताजींना जरूर विचारा.

हे मी सोसायटीच्या बैठकीत मांडलं तेव्हा आमच्या एक ज्येष्ठ काकू म्हणाल्या, ‘गवत ठेवलं तर पावसाळाभर त्यावर पाय पडणार. येता-जाता वनस्पतिकायाची विराधना. त्यापेक्षा एकदाच काढून टाकलेलं काय वाईट?’ काकूंचा मुद्दा हलका नाही. त्या सकाळी मंदिरात जाताना एकेक पाऊल बघून टाकतात, मी त्यांना वर्षानुवर्षं पाहतेय. दुसऱ्या एकीने सापा-किरड्याची भीती सांगितली. दिवा पश्चिमेला, खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांना ती भीती खोटी वाटणार नाही.

पण ‘एकदाच’ हा शब्द मला मान्य नाही. मृगाच्या पावसानंतर पंधरा दिवसांत तेच गवत पुन्हा उगवतं. मग श्रावणात पुन्हा माणूस बोलवायचा, म्हणजे विराधना दोनदा आणि शिवाय माती गेली ती वेगळीच. काही ठिकाणी तर आता तणनाशक फवारतात. मूळच मेलं की मातीला धरणारं काही उरत नाही. त्यापेक्षा चालायची वाट पक्की करा. आम्ही जुन्या शहाबादी फरशीचे तुकडे गेटपासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत बसवले. पाऊल फरशीवर, गवत बाजूला. वाटेलगत विळ्याने वितभर उंचीवर कापायचं, खरवडायचं नाही. एवढ्याने किरडू असेल तर दिसतंही.

सगळ्यात जास्त माती कशाने जाते हे शोधायला मी एका पावसात छत्री घेऊन बाहेर उभी राहिले. मुलगा हसत होता. गच्चीवरून खाली येणारा पाइप सरळ वाफ्यात सोडलेला होता! हजार चौरस फुटांच्या गच्चीवर दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि आपल्याकडे जुलैत तो पडतोच, तर सुमारे ९,३०० लिटर पाणी होतं. म्हणजे दहा हजारांचा जवळजवळ एक टँकर, त्या एका पाइपातून, एका वाफ्यावर. मातीने काय करावं? आम्ही पाइपाला कोपरा लावून तोंड वळवलं, त्याखाली एक सपाट दगड आणि भोवती विटांचे तुकडे टाकले. तुमच्याकडे दुसरं काही जमलं नाही तरी हे एक करा. प्लंबरचं अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरी चूक वाफ्याच्या आकाराची. आपण माती घालतो ती ढिगासारखी, मधे उंच आणि कडेला उतार. ती राहणार कशी? कडेच्या विटेपेक्षा माती चार बोटं खाली हवी. झाडाचं आळं ताटलीसारखं, मधे खोलगट. फक्त पाणी खोडाशी साचून राहत नाही ना ते बघा, नाहीतर जास्वंद सडते. माझी एक सडली.

वाफ्याच्या उताराकडच्या कडेला गवती चहा लावा. पानं कापून चहात घालायची, मूळ तसंच राहतं, बेट दाट होतं आणि येणारा गाळ अडवतं. वाळाही उत्तम. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत दहा फुटांपर्यंत. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या लोकांनी आपल्याच देशातल्या पाणलोटाच्या कामांत वाळ्याच्या ओळी लावून माती अडवण्याचा प्रचार केला आणि मग तो जगभर गेला. पण वाळ्याची मुळं माठात टाकायची हौस असेल तर तो इथे लावू नका. मुळासाठी उपटायचा असेल तर सगळाच खटाटोप व्यर्थ. वाफ्याच्या मोकळ्या जागेत हरळी किंवा ब्राह्मी पसरू द्या.

आच्छादनाबद्दल मला स्वतःला बराच काळ शंका होती. बागकामाची सगळी पुस्तकं सांगतात की पालापाचोळ्याचा जाड थर द्या. आपल्या हवेत जुलैत त्या थराखाली गोगलगायी, वाणी, झुरळं, काय नाही होत? आणि मग ते उचलायला गेलं की त्रसजीवांची हिंसा. म्हणून मी ओला पाला वापरत नाही. पाऊस सुरू होण्याआधी नारळाच्या कोरड्या शेंड्या, सुट्या करून, एक पातळ थर. खालची माती अधूनमधून दिसली तरी चालते. एकदा घातलं की दिवाळीपर्यंत हलवायचं नाही. ज्यांना तेही नको त्यांनी बारीक खडी पसरावी. दिसायला रुक्ष, पण थेंब तीही अडवते.

गॅलरीतल्या कुंड्यांचं थोडक्यात. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवा. माती काठापासून दोन बोटं खाली ठेवा आणि पाणी झारीने घाला, तांब्याने नाही. खालच्या मजल्यावरच्या वैनींच्या पांढऱ्या साड्यांवर लाल ओघळ पडले की त्याही तुमच्याशी बोलणार नाहीत.

कुणी म्हणेल, पसाभर मातीसाठी एवढं काय? आपण राहतो ती जागा आठवा. दिव्यातल्या कितीतरी इमारती खाजणात मुरुमाचा भराव टाकून उभ्या राहिल्यात. तो मुरूम कुठल्यातरी टेकडीचा आहे. लोकलने ठाण्याला जाताना मुंब्र्याला डोंगर दिसतो, त्याच्या अंगावरची घरं दिसतात, आणि दर पावसाळ्यात बायपासवर दरड आल्याची बातमी येते. १९ जुलै २०२१ ला कळव्यात घोलाईनगरला दरड घरावर कोसळून एकाच कुटुंबातले पाच जण गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गेली. वाफ्याची आणि डोंगराची बरोबरी मी करत नाही, शेंड्या पसरून दरड थांबत नाही. पण डोंगर पोखरायचा, मुळं काढायची, पाण्याला वाट ठेवायची नाही, आणि ती माती आणून आपल्या दारात ओतायची, या साखळीत गिऱ्हाईक म्हणून आपणही आहोत. दारातली माती राखली तर निदान दरवर्षीची नवीन गोणी वाचते. मी दोन वर्षांत एकही आणलेली नाही.

या वर्षी सोसायटीत अर्धंच जमलं. मागच्या बाजूचं गवत ठेवायला सगळे तयार झाले. समोरचा पट्टा मात्र काकूंच्या आणि आणखी तीन घरांच्या आग्रहाखातर खरवडला जाणार आहे. मी हट्ट केला नाही. काकूंनी एक गोष्ट मान्य केली, की या वेळी काम मृग लागण्याआधी, ७ जूनच्या आत होईल, त्याच दिवशी त्या पट्ट्यावर खडी पडेल, आणि चातुर्मासात तिथे फावडं लागणार नाही. खडीचे पैसे त्या स्वतः देणार आहेत.

गटाराचं झाकण जुलैच्या पहिल्या आठवड्यात उघडून बघायचं ठरलंय. भाभी म्हणाल्या, मीही येते बघायला.