२०१४ : एका वर्षाचे चार सिनेमे

गेल्या महिन्याच्या लेखानंतर एका वाचक भगिनीने विचारले, "बाई, तुम्ही सिनेमावर इतकं लिहिता, मग तुमच्या सर्वांत आवडत्या सिनेमांची यादी एकदा द्या ना." यादी द्यायला बसले, तर ती काही केल्या संपेना. मग ठरवले की एकच वर्ष घ्यायचे. वर्ष निवडायला मात्र क्षणही लागला नाही. २०१४. त्या वर्षी माझा मुलगा सातवीत होता, मुलगी चौथीत. दोघांनाही सोबत घेऊन पाहता येतील असे चार सिनेमे एकाच वर्षात आले. त्यातल्या एकाने तर मला बाई म्हणून वर्गात उभे राहायला नव्याने शिकवले.

पहिला 'फँड्री'. १४ फेब्रुवारीला आला. दिग्दर्शक नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणजे आमच्या इंदापूरपासून उजनीच्या पाण्यापलीकडचे. आपल्याच भागातला माणूस म्हणून कौतुकाने बारामतीला जाऊन पाहिला. जब्या नावाचा शाळकरी मुलगा, वर्गातल्या शालूवर त्याचा जीव. जत्रा तोंडावर आलेली आणि गावातली डुकरे पकडायचे काम जब्याच्या बापाच्या गळ्यात पडलेले. शाळेतली मुले पाहतील म्हणून जब्या लपत राहतो. शेवटी व्हायचे तेच होते. सगळे घर डुकरामागे धावते आहे आणि सगळी शाळा हसते आहे. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि ती धावणारी माणसे जागच्या जागी ताठ उभी राहतात.

त्या पाठलागाला आमचे थिएटरही हसत होते, शिट्ट्या वाजत होत्या. माझा मुलगा हसला. खरे सांगते, मीही हसले. मग पकडलेले डुक्कर काठीला टांगून बापलेक शाळेच्या भिंतीवरून जातात. त्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत, गाडगेबाबा आहेत. आणि शेवटी चिडलेला जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्या तोंडावर येतो. थिएटर एकदम गप्प झाले. मुलाने माझा हात धरला.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारले, "फँड्री म्हणजे काय गं?" मुलगी पटकन बोलून गेली, "दादी, कैकाडी भाषेत डुक्कर!" सासूबाईंनी "तौबा तौबा" म्हणत कानाला हात लावले. आता या वयात बोलणी खावी लागणार असे मला वाटले. पण थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, "फिर वो छोरे का क्या हुआ?" मी सांगितले, दगड मारला. त्या म्हणाल्या, "मारेगाच ना." जनावर नापाक, पण ते ज्याच्या वाट्याला आले तो पोरगा नापाक नाही, एवढी गोष्ट त्यांना सिनेमा न पाहता कळली होती. मला तिकीट काढून कळायला लागली.

त्याचे कारण वर्गात होते. तेव्हा माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. शेवटच्या बाकावर बसायचा, अक्षर सुरेख, पण बाजाराच्या दिवशी हमखास गैरहजर. दुसऱ्या दिवशी मी त्याला उभे करायची आणि सगळ्यांसमोर विचारायची, "काल कुठे होतास?" तो मान खाली घालायचा. जूनमध्ये वर्ग सुरू होताना तर मी प्रत्येकाला उभे करून वडिलांचा व्यवसाय विचारला होता. कुणी शेती म्हणाले, कुणी कारखान्यात, कुणी दुकान. त्याने काहीच सांगितले नाही. मागून कुणीतरी सांगितले आणि वर्ग हसला. मी "गप्प बसा" म्हटले आणि पुढचे नाव घेतले. बीएडला आम्ही बालमानसशास्त्राचा पेपर लिहिला होता, मार्कही चांगले पडले होते. पण उभे करून विचारलेला एक प्रश्न पोराला किती उघडे पाडतो, हे त्या पेपरात नव्हते. आणि हे मला तरी कळायला हवे होते. लहानपणी उर्दू शाळेतून मराठी शाळेत आले, तेव्हा नाव सांगितल्याबरोबर वळलेल्या माना मी पाहिल्या आहेत.

त्या सोमवारपासून मी उभे करून विचारणे बंद केले. जे हवे ते चिठ्ठीवर लिहून घ्यायचे. गैरहजेरीचे कारण मधल्या सुट्टीत, एकट्याला.

दुसरा सिनेमा 'यलो'. ४ एप्रिलला आला, दिग्दर्शन महेश लिमये यांचे. डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलेली पुण्याची गौरी गाडगीळ, तिची पोहण्याची जिद्द आणि तिच्या आईची त्याहून मोठी जिद्द. मोठ्या गौरीची भूमिका तिने स्वतःच केली आहे. बाप मुलीला स्वीकारत नाही, आई तिला घेऊन भावाकडे येते. मृणाल कुलकर्णींची आई कुठेही रडारड करत नाही. आपल्याकडे अशा मुलांना पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवणारी घरे अजून आहेत. जातीचा, धर्माचा त्यात फरक नाही. आमच्या नात्यातल्या एका घरी मी हा सिनेमा मुद्दाम नेऊन दाखवला. त्यानंतरच्या ईदला त्यांची लेक पहिल्यांदा बैठकीच्या खोलीत सगळ्यांबरोबर शीरखुर्मा खायला बसली. सिनेमामुळेच असे म्हणणार नाही. पण बसली.

तिसरा 'फिल्मिस्तान', नितीन कक्कर यांचा, जूनमध्ये आलेला हिंदी सिनेमा. नट व्हायचे वेड असलेला मुंबईचा सनी चुकून अतिरेक्यांच्या हाती लागतो आणि सीमेपलीकडच्या एका गावात कोंडला जातो. ज्या घरात कोंडतात, तिथला आफताब हिंदी सिनेमांच्या चोरट्या सीड्या विकणारा. मग दोघांची दोस्ती होणारच! गावकरी 'मैंने प्यार किया' पाहत असताना आवाज बंद पडतो आणि सनी सगळे संवाद तोंडपाठ म्हणून दाखवतो, तिथे आमचे घर खो-खो हसले. शारिब हाश्मी आणि इनामुलहक या दोघांनी जीव ओतला आहे. सिनेमा संपल्यावर मुलाने विचारले, "अम्मी, तिकडचे लोकही आपल्यासारखेच बोलतात?" अशा प्रश्नासाठी दोन तास खर्च झाले तर हरकत नाही.

त्याच जूनअखेरीस तुकाराम महाराजांची पालखी काटेवाडीत आली. परीट समाजाने धोतराच्या पायघड्या घातल्या, मेंढ्यांचे रिंगण झाले आणि दरवर्षीप्रमाणे आमची मुलगी ते पाहायला गर्दीत घुसली. त्याच सुमारास रमजानचा चांद दिसला. त्या वर्षी आषाढी एकादशी ९ जुलैला, म्हणजे रमजानमध्येच आली. गावातून पंढरपूरला गेलेली माणसे चालत होती आणि आमचे रोजे चालू होते. मुलीला पंढरपूर कसे असते याचे भारी कुतूहल. ते कुतूहल नोव्हेंबरात फिटले.

कारण १४ नोव्हेंबरला, बालदिनी, 'एलिझाबेथ एकादशी' आला. कथा मधुगंधा कुलकर्णी यांची, दिग्दर्शन परेश मोकाशी यांचे. पंढरपुरातला ज्ञानेश, त्याची बहीण झेंडू आणि वडिलांनी मागे ठेवलेली सायकल, तिचे नाव एलिझाबेथ. कर्जापायी आईचे स्वेटर विणायचे यंत्र बँक घेऊन जाते. ते सोडवायला सायकल विकायची वेळ येते. मग पोरे एकादशीच्या यात्रेत बांगड्यांचा गाडा लावतात. गरिबी आहे, पण लाचारी नाही. हसता हसता डोळे भरतात. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

सगळे हसत होते तेव्हा माझे मन मात्र लागत नव्हते. माझा तो शेवटच्या बाकावरचा मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या वर्गात आलाच नव्हता. मी त्याच्या वस्तीवर गेले. बाप म्हणाला, "मॅडम, शाळा चांगलीच हाय, पण चार हात कमावते पाहिजेत." पुन्हा गेले, तर घर बंद. पडद्यावरची सायकल वाचली. माझ्या वर्गातले पोर नाही वाचले.

दोन वर्षांपूर्वी बारामतीच्या स्टँडवर एका तरुणाने हाक मारली, "मॅडम!" तोच होता. स्वतःचा टेम्पो घेतला आहे, छान चालले आहे, अल्हम्दुलिल्लाह. चहा पाजल्याशिवाय सोडले नाही. बोलता बोलता हसून म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला उभं करायच्या, ते आठवतं का?" नंतर उभे करणे बंद केले, ते त्याला आठवत नव्हते. उभे केलेले आठवत होते. तो मनापासून हसत होता, त्यात राग नव्हता. मला हसता आले नाही. जब्याचा दगड मला त्या दिवशी, स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर लागला.

म्हणून माझ्या यादीत 'फँड्री' पहिला. कलेच्या दृष्टीने कुणी 'हैदर'चे नाव घेईल. तोही त्याच वर्षी २ ऑक्टोबरला आला, तब्बूचे काम पाहून अंगावर काटा येतो. पण तो मोठ्यांनी, मुले झोपल्यावर पाहावा. 'फँड्री'त शिव्या आहेत, म्हणून सहावी-सातवीच्या पुढच्या मुलांबरोबर तो पाहा आणि मध्ये उठून जाऊ नका. बाकीचे तीन अगदी दादीपासून नातवापर्यंत सर्वांनी मिळून पाहावेत.

सुट्टी लागते आहे. चार शुक्रवारी चार सिनेमे होतील. सिनेमा संपल्यावर लगेच टीव्ही बंद करा आणि मुलांना एवढेच विचारा, "तुझ्या वर्गात असं कोण आहे?" मग त्यांना बोलू द्या. मध्ये उपदेश करू नका. उत्तर काय येते ते मला जरूर कळवा.