भीती तिची, शिट्ट्या त्याला

'डर' आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला तो जानेवारी १९९४ मध्ये. २४ डिसेंबर १९९३ ला लागलेला सिनेमा, पण डोंबिवलीच्या थिएटरवरची हाऊसफुल्लची पाटी काही उतरत नव्हती. शेवटी एका ओळखीच्यामार्फत चार तिकिटं मिळाली. आई, मी, माझी बायको आणि बी. कॉम.ला असलेली धाकटी बहीण. यश चोप्रांचा सिनेमा म्हणजे गाणी, बर्फ, शिफॉनच्या साड्या. घरच्यांबरोबर बघायला हरकत नाही, असा सरळ हिशेब होता.

पडद्यावर तो राहुल आला, अडखळत किरणचं नाव घेऊ लागला, आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणून गेलं. त्यातली एक शिट्टी माझी होती. आईने डोळे वटारले, एवढंच.

मध्यंतरात मी वडे घेऊन आलो, तर बहिणीने हातही लावला नाही. हळूच म्हणाली, "दादा, आपण घरी जाऊ या का?" मी हसलो. म्हटलं, "अगं वेडे, सिनेमाच आहे तो!" आणि आम्ही शेवटपर्यंत बसलो.

त्या रात्री नऊच्या सुमारास घरातला फोन वाजला. कैक वर्षं वाट पाहून नुकताच मिळालेला फोन, त्यामुळे तो उचलायला एरवी घरात शर्यत लागायची. बहीण शेजारीच बसली होती, पण ती उठून आत गेली. मी उचलला, तर पलीकडून कुणी बोलेना. नंबर दिसण्याची सोय तेव्हा कुठली!

मग तिने वहिनीला सांगितलं. टायपिंगच्या क्लासबाहेर एक मुलगा तीन महिने उभा राहत होता. ती निघाली की तोही निघायचा. एकदा तर थेट आमच्या जिन्यापर्यंत आला होता. मी मोठा भाऊ. मी तिला पहिला प्रश्न काय विचारला असेन? "तू त्याच्याशी कधी बोलली होतीस का?"

आठवड्याभरात तिचा क्लास बंद झाला. कॉलेजला जायचा रस्ता बदलला, गच्चीवर जाणं थांबलं. त्या मुलाचं मात्र काहीच थांबलं नाही. आम्हाला वाटलं, प्रकरण मिटवलं. आज वाटतं, आम्ही तिलाच मिटवलं.

इतक्या वर्षांनी हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात तोच सिनेमा मी पुन्हा पाहिला. आधी सिनेमाबद्दल बोलतो, मग घराबद्दल.

कथा बहुतेकांना ठाऊक असेल. किरण (जुही चावला) हिचं नौदलातल्या सुनीलवर (सनी देओल) प्रेम आहे. राहुल (शाहरूख खान) हा तिच्यापासून लपून तिच्या मागावर असतो. तो फोन करतो, तिच्या घरापर्यंत पोचतो, होळीच्या गर्दीत शिरतो, चाकूने छातीवर तिचं नाव कोरतो. किरणचं लग्न होतं, ती नवऱ्याबरोबर स्वित्झर्लंडला जाते, तर हा तिथेही हजर. शेवटी सुनीलच्या हातून तो मरतो. म्हणजे कागदावर सगळं चोख आहे. नायक कोण, खलनायक कोण, शिक्षा कुणाला, यात कसलाही गोंधळ नाही.

गोंधळ आहे तो सिनेमाच्या मांडणीत. राहुलला एकाकीपण दिलंय, वारलेल्या आईशी फोनवर बोलण्याचं वेड दिलंय, अडखळणारी जीभ दिलीय. प्रेक्षकाला त्याची कीव यावी अशी सगळी सामग्री. किरणच्या वाट्याला काय आलं? दचकणं, किंचाळणं आणि नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवणं. एकटी असताना तिच्या मनात काय चालतं, ते कळायला फारशी वाटच नाही. ज्याचं मन आपल्याला दिसतं त्याच्या बाजूला आपण झुकतो, हा माणसाचा स्वभाव आहे. सिनेमाचं नाव 'डर'. भीती किरणची आणि सिनेमा राहुलचा. जाहिरातीत नावाखाली 'अ व्हायलंट लव्ह स्टोरी' असं लिहिलेलं असायचं. हिंसक खरी, पण लव्ह स्टोरी कुणाची?

सुरुवातीचंच गाणं घ्या. सिमल्यात किरणला उदित नारायणच्या गोड आवाजातलं गाणं ऐकू येतं. गाणारा दिसत नाही. तिला वाटतं, सुनीलच लपून गातोय, म्हणून ती खुशीत त्याला शोधत धावते. नंतर कळतं, तो सुनील नव्हताच. शिव-हरींची चाल तीच, शब्द तेच. आवाज आपल्या माणसाचा असेल तर अंगावर मोरपीस फिरतं आणि परक्याचा असेल तर काटा येतो. फरक गाण्यात नाही, तिच्या मर्जीत आहे. प्रेम आणि पाठलाग यांतला भेद यापेक्षा सोपा करून कुणी सांगावा? दिग्दर्शकाला तो कळला होता, याचा हा पुरावाच आहे. आणि त्याच गाण्यात, मुलीच्या होकाराला-नकाराला काडीची किंमत नाही अशा अर्थाची ओळही आहे. पुढे लग्नाच्या वरातीतही ते वाजलं.

सनी देओलने पुढे जाहीरपणे नाराजी बोलून दाखवली की खलनायकाला असं मोठं केलं जाईल याची त्याला कल्पना नव्हती. कुणी म्हणेल, हा नटाचा मानापमान. असेलही. पण त्याच्या तक्रारीत तथ्य होतं. सहाच आठवडे आधी 'बाजीगर'मध्ये खून करणाऱ्या शाहरूखला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. पुढच्याच वर्षी 'अंजाम'मध्ये तो पुन्हा तसाच मागे लागणारा झाला. पण तिथे माधुरी दीक्षितने स्वतः सूड घेतला. त्या सिनेमाला 'डर'सारखं यश काही मिळालं नाही.

परदेशातलं एक उदाहरण देतो. हॉलीवूडचा 'फेटल अट्रॅक्शन' १९८७ चा. त्यात मागे लागते ती बाई, ग्लेन क्लोजने केलेली. मूळ शेवटात ती आत्महत्या करते. चाचणीच्या खेळांत प्रेक्षकांना तो पचला नाही, म्हणून शेवट पुन्हा चित्रित झाला आणि तिला गोळी घातली गेली. तिच्यासाठी शिट्ट्या नव्हत्या. बाई मागे लागली की ती वेडी ठरते. पुरुष लागला की 'बिचारा, किती प्रेम करतो!' आणखी गंमत पुढेच आहे. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत निकोप मनोरंजन देणारा सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपट ठरला तो 'डर'. निकोप!

सिनेमा पाहून पोरं बिघडली, असं म्हणणं मला पटत नाही. आमच्यापासून चार स्टेशनं पलीकडे, उल्हासनगरात, १९९० साली दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला परीक्षेच्या वर्गातच जाळून मारलं गेलं. तेव्हा 'डर' यायला तीन वर्षं होती. २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवण्यात आलं. आरोपीला २०२२ मध्ये जन्मठेप झाली. दोन्ही वेळा वर्तमानपत्रांनी एकच शब्द वापरला, 'एकतर्फी प्रेम'. या शब्दात 'प्रेम' आहे, हीच मोठी अडचण आहे. चोरी करणाऱ्याला आपण 'एकतर्फी ग्राहक' म्हणत नाही.

कायद्याला या गोष्टीचं वेगळं नाव द्यायला २०१३ साल उजाडावं लागलं. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल आला आणि भारतीय दंड संहितेत ३५४-ड हे कलम दाखल झालं. स्त्रीने स्पष्ट नाराजी दाखवूनही पुन्हा पुन्हा तिचा पाठलाग करणं, संपर्क साधणं, इंटरनेटवर तिच्यावर नजर ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरला. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केल्यास पाच. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे. मात्र पहिल्या वेळचा गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे तक्रार करणाऱ्या मुलीला तोच मुलगा चार दिवसांत नाक्यावर पुन्हा दिसू शकतो. तेव्हा तिच्यामागे घर उभं आहे की नाही, यावर बरंच काही ठरतं.

आणि घराचंच म्हणाल, तर कायदा पोलिस ठाण्यात लागू होतो. जेवणाच्या टेबलावर नाही. मुलगी येऊन सांगते, त्या पहिल्या पाच मिनिटांत आपण काय विचारतो? 'तू काय घातलं होतंस', 'तू हसलीस का', 'तुझा नंबर त्याला मिळाला कसा?' या प्रत्येक प्रश्नाने आपण नकळत त्या मुलाच्या जागी जाऊन उभे राहतो आणि तिथून तिच्याकडे बघतो. थिएटरात आम्ही तेच केलं होतं.

मागच्या महिन्यात सिनेमा पाहिला तो बहिणीकडे. ती स्वयंपाकघरात होती. भाची मोबाइल बाजूला ठेवून माझ्याबरोबर बघत बसली. होळीचा प्रसंग संपल्यावर म्हणाली, "मामा, याला खरंच शिट्ट्या पडायच्या?" मी म्हटलं, "हो. मीही वाजवली होती." तेव्हा तिला ती जुनी हकिकत सांगावी लागली. आईकडे वळून तिने विचारलं, "मग घरच्यांनी काय केलं?"

बहीण ओट्यापाशीच थांबली. रागाचा लवलेशही नव्हता आवाजात. म्हणाली, "माझा क्लास बंद केला."

मला काही सुचेना. मग तीस वर्षांपूर्वी जे विचारायला हवं होतं ते विचारलं, "तुला तेव्हा किती भीती वाटत होती गं?" तिने गॅस बंद केला, हात पुसत बाहेर येऊन बसली, आणि बराच वेळ सांगत राहिली. त्यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.