पहिलं विमान कोणतं घ्यावं?

मैत्रिणींनो, या सदरात आपण लोणच्याच्या बरण्यांपासून मुलांच्या गणवेषावरच्या शाईच्या डागांपर्यंत सगळं बोललो. आज विषय जरा वेगळा आहे. आज विमानाबद्दल लिहायचं आहे. खरं विमान नव्हे, मुलं रिमोटवर उडवतात ते. "हा काय बायकांचा विषय आहे का?" असं म्हणू नका. पैसे आपल्या डब्यातून जातात, रुसवे आपल्याला काढावे लागतात आणि बॅटरी आपल्याच स्वयंपाकघरात चार्ज होते. मग विषय आपलाच नाही का?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. माझा मुलगा सातवीत. ओवाळणीचे, आजीने दिलेले आणि माझ्या शिकवणीच्या पैशातले थोडे असे मिळून त्याने एक विमान मागवलं. चित्रात दिसतं तसं लढाऊ विमान, राखाडी रंगाचं, आखूड पंखांचं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नांदेडबाहेरच्या एका माळावर सगळे मिळून गेलो. विमान सुंssकन वर गेलं, एकदम कलंडलं, उलटं झालं आणि नाकावर आपटलं. सगळा खेळ दहा-बारा सेकंदांचा! पंख एकीकडे, शेपटी दुसरीकडे. ह्यांच्या तोंडून निघून गेलं, "झालं समाधान? पैशाचा चुराडा!" सासूबाई घरी आल्यावर म्हणाल्या, "पोराच्या हातात एवढे पैसे द्यायचेच कशाला, म्हणते मी." मुलगा काहीच बोलला नाही. तुकडे खोक्यात भरले, खोका माळ्यावर टाकला, आणि त्यानंतर विमानाचं नावही काढलं नाही. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी धावून भाग घेणारा मुलगा, या वेळी "मला नाही जमत" म्हणाला. मला ते लागलं.

संक्रांतीआधी माळा झाडायला काढला तेव्हा तो खोका हाती आला. उघडून पाहते तर काय, एकेक तुकडा माती पुसून ठेवलेला, आणि प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी चिकटवून आकडा घातलेला. एक ते सतरा. म्हणजे पोराने आशा सोडली नव्हती, फक्त आमच्यासमोर बोलायची सोडली होती. मी खोका होता तसा बंद केला आणि ठरवलं की याची नीट चौकशी करायची.

चौकशीची जागाही घरातच निघाली. हळदीकुंकवाला लातूरला जाऊबाईंकडे गेले होते. त्यांचा मोठा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजात अशी विमानं करतो. त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, म्हणाला, "काकू, चूक त्याची नाही, विमानाची आहे. तुम्ही सायकल शिकायला बसलेल्याला एकदम मोटारसायकल दिलीत. पहिलं विमान ग्लायडर घ्या, विजेच्या मोटारीचं." मग तिळगुळाचं ताट बाजूला ठेवून तासभर त्याने मला समजावलं. ते तुमच्यासाठी माझ्या भाषेत लिहिते.

ग्लायडरच का?

ग्लायडर म्हणजे तरंगणारं विमान. आपल्या शेतावर दुपारी घारी पंख न हलवता गोल गोल फिरतात ना, तसं. त्याचे पंख लांब आणि वजन कमी, म्हणून ते हळू उडतं तरी पडत नाही. लढाऊ विमानाचे पंख आखूड. त्याला हवेत राहायला वेग लागतोच. वेग कमी झाला की पंखाचा आधार सुटतो, आणि वेग ठेवला तर नवशिक्याला विचार करायला वेळ मिळत नाही. ग्लायडर तो वेळ देतं. मोटार वीस-तीस सेकंद चालवून वर न्यायचं, मोटार बंद करायची, आणि मग ते सावकाश उतरत येतं. तेवढ्यात मुलगा चूक करतो, ओळखतो, सुधारतो. विद्यार्थ्याला पाढे शिकवताना आपण हेच करतो की नाही?

आणि हा काही आजचा शोध नाही. अमेरिकेतल्या राइट बंधूंनी १९०३ साली इंजिनाचं विमान उडवलं हे आपण शाळेत शिकलो. पण त्याआधी १९००, १९०१ आणि १९०२ अशी तीन वर्षं ते बिनइंजिनाच्या ग्लायडरवर सराव करत होते, हे कुणी फारसं सांगत नाही. आधी तोल शिकले, मग इंजिन बसवलं. एवढं करूनही १७ डिसेंबर १९०३ चं त्यांचं पहिलं उड्डाण अवघं बारा सेकंदांचं होतं! त्यांना विमानाचं वेड लागलं ते १८७८ साली वडिलांनी आणलेल्या रबराच्या एका उडत्या खेळण्यामुळे. आणि हातातलं कसब आलं आईकडून. सुझान राइट घरातल्या लहानसहान वस्तू स्वतः तयार करायच्या, मुलांची खेळणीसुद्धा. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, ते फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गच्चीवर? मग वाळवणं कुठं घालत होते?" असो.

घेताना काय बघावं?

पंख दीड ते दोन मीटर लांब असावेत आणि धडाच्या वरच्या बाजूला बसवलेले असावेत. समोरून पाहिलं तर पंखांची टोकं थोडी वर उचललेली दिसली पाहिजेत. विमान एका बाजूला कललं की खाली गेलेल्या पंखाला हवा जास्त उचलते आणि ते आपोआप सरळ व्हायला बघतं. आमच्या पहिल्या विमानाचे पंख अगदी सपाट होते. कललं ते कललंच.

अंग फोमचं हवं. थर्मोकोलसारखं दिसतं, पण ते ठिसूळ नसतं, दाबलं तर दबतं, मोडलं तर फोमला चालणाऱ्या गोंदाने जोडता येतं. (साधा झटपट चिकटणारा गोंद काही फोम खाऊन टाकतो, तेव्हा आधी तुकड्यावर लावून बघा.) बाल्सा लाकडाचं विमान दिसायला देखणं, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला.

पंखा मागच्या बाजूला, म्हणजे विमानाच्या पंखांच्या मागे असेल तर उत्तम. नाकावर आपटलं तरी तो वाचतो. पुढे असेल तर मिटणारी पाती असलेला घ्यावा. पात्यांचा एक जादा जोड पहिल्याच दिवशी मागवून ठेवा, लागतोच.

रिमोटवर सुरुवातीला तीनच कामं पुरेत. शेपटीच्या उभ्या झडपेने डावं-उजवं, आडव्या झडपेने वर-खाली, आणि मोटार कमी-जास्त. पंखांवरच्या झडपा हे चौथं काम, ते नंतर शिकता येतं. रिमोट, बॅटरी, चार्जर सगळं एकत्र मिळणारा संच घेतला तर जुळवाजुळवीची डोकेदुखी राहत नाही. आमचा सगळा खर्च एका बऱ्यापैकी पैठणीएवढा झाला. मी यंदा पैठणी घेतली नाही, एवढंच. आणि सुटे भाग मिळतात का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

बॅटरी मात्र आपल्या ताब्यात

ही लिथियम-पॉलिमरची बॅटरी असते. ताकद मोठी, पण हलगर्जीपणा केला तर पेट घेऊ शकते. म्हणून आमच्या घरात चार नियम लिहून फ्रिजवर लावले आहेत. चार्जिंग कायम तिच्यासाठीच्या चार्जरवर, जो आतल्या प्रत्येक घराला समान भरतो. ठेवायची फरशीवर, गादी-पडद्यापासून लांब. घरी मोठं माणूस जागं असेल तरच लावायची, रात्री नाही. आणि फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. उडवताना ती पूर्ण संपू द्यायची नाही, आठवडाभर वापर नसेल तर अर्धी भरून ठेवायची. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत विसरणं तर अगदी वर्ज्य.

जागा आणि वेळ

गच्ची नको, कॉलनीतलं क्रिकेटचं मैदान नको, विजेच्या तारांजवळ तर मुळीच नको. संक्रांतीच्या दिवसांत पतंगांचा मांजा असतो, तेव्हाही नको. गवताचा मोकळा माळ सगळ्यात चांगला. रान घ्यायचं तर हरभरा उपटून झालेलं घ्या, ते साफ असतं. तूर काढलेल्या रानात टोकदार खुंट राहतात, ते फोमच्या आरपार जातात. हे जाऊबाईंच्या लेकाने अनुभवाने सांगितलं.

वेळ सकाळची, सूर्य वर यायच्या आत. पानं हलतायत पण फांद्या हलत नाहीत, एवढाच वारा असावा. दुपारी आपली काळी जमीन तापते, गरम हवा वर उसळते. घारींना ते सुख, सरावलेल्या हाताला गंमत, पण नवशिक्याचं विमान ती भलतीकडे घेऊन जाते.

आणखी एक महत्त्वाचं. नांदेडला विमानतळ आहे, लातूरलाही आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत ही विमानंही येतात. सरकारने नकाशावर लाल, पिवळे, हिरवे भाग आखले आहेत. लाल भागात परवानगीशिवाय उडवायचं नाही. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. नियम बदलत असतात, म्हणून जागा ठरवण्याआधी नकाशा आणि नियम स्वतः बघा. आम्ही त्यासाठीच शहरापासून लांब, मामंजींच्या एका स्नेह्यांच्या शेतावर जातो, त्यांना विचारून.

आधी हात बसू द्या

विमान येईपर्यंत मुलाने संगणकावर सराव करावा. विमान उडवायचा सराव करून घेणारे कार्यक्रम मिळतात, त्यात शंभर वेळा पडलं तरी फुकट. सगळ्यात मोठी अडचण कोणती ठाऊक आहे? विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं. आरशात बघून भांग पाडण्यासारखं! तो गोंधळ घरातच संपवावा.

पहिल्या दिवशी दोन गोष्टी तपासा. पंखाखाली बनवणाऱ्याने खूण केलेली असते, तिथे दोन बोटांवर विमान तोलून धरलं तर ते समतल राहिलं पाहिजे. नाक जड-हलकं वाटलं तर बॅटरी पुढे-मागे सरकवा. आणि रिमोट आधी चालू, विमान नंतर. बंद करताना विमान आधी, रिमोट नंतर. मग मोटार न लावता गवतावर वाऱ्याच्या दिशेला तोंड करून हलकेच सोडून बघा. सरळ तरंगत गेलं की मग मोटार. दोन चुका झाल्या तरी तिसरीला सावरता येईल इतकं वर न्या आणि मगच वळा.

आमचं ग्लायडर मार्चच्या पहिल्या रविवारी उडालं. रिमोट मुलाच्या हातात, विमान सोडायचं काम माझं. पदर खोचून, हात वर करून सोडलं तेव्हा छाती धडधडत होती. वर गेलं, मोटार थांबली आणि सगळं शांत झालं. तीन मिनिटं तरंगलं असेल. उतरताना बांधापलीकडे जाऊन पडलं. मुलाचा चेहरा पडला. त्याने आधी माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे बघितलं. हे काही न बोलता बांध ओलांडून गेले आणि दोन्ही हातांनी विमान डोक्यावर धरून परत आले, तान्ह्या बाळाला आणावं तसं. म्हणाले, "काही झालं नाही रे, शेपटीला माती लागलीय. पुन्हा सोड. आणि नंतर मला दे थोडं."

आता दर रविवारी जातात दोघं. पंखाला तीन ठिकाणी जोड आहेत. माळ्यावरचा खोका खाली आला आहे, सतरापैकी नऊ तुकडे जोडून झाले. "हे दहावीनंतर उडवू, हात बसल्यावर," असं तो स्वतःच म्हणाला.

तेव्हा मैत्रिणींनो, पोराने पहिल्यांदा काही शिकायला घेतलं की झगमगीत वस्तू देण्याआधी चौकशी करा, आणि ज्यात चूक करायला जागा आहे अशीच वस्तू द्या. विमान असो, शिवणयंत्र असो की पोळपाट-लाटणं. आणि माळा झाडताना खोके उघडून बघत जा.