केंद्रातून परतलेल्या माणसाची संध्याकाळ

आडव्या बाटलीला मतदान करून मायबहिणी गावातले दारूचे दुकान बंद पाडतात, तेव्हा आम्ही गुलाल उधळतो, भाषणे ठोकतो आणि पुढच्या गावाला निघतो. दुकान बंद होते. माणूस सुटला की नाही, हे पाहायला आम्ही मागे फिरत नाही.

आमचाच एक कार्यकर्ता गेल्या पावसाळ्यात व्यसनमुक्ती केंद्रात राहून परतला. आम्ही जिल्हा बैठकीत त्याला हार-नारळ दिला, सगळ्यांसमोर शपथ घ्यायला लावली. दुसऱ्याच महिन्यात, सोयाबीन विकून आला त्या संध्याकाळी, तो पुन्हा प्याला. सत्काराला सगळा जिल्हा हजर होता. त्या संध्याकाळी त्याच्याजवळ कोणी नव्हते, आणि त्यात आम्हीही आलो.

हरळी एका नांगरटीने मरत नाही, हे आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो; आमच्या आजोबांना ते न शिकता ठाऊक होते. वरचे गवत जाते, काशा जमिनीत राहतात आणि रान मोकळे पडले की फुटतात. व्यसनाचेही असेच आहे. १९७१ साली अमेरिकेत हंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दारू, तंबाखू आणि हेरॉइन सोडलेल्यांचे आलेख शेजारी शेजारी मांडले. तिन्ही जवळजवळ सारखे निघाले. सर्वांत जास्त माणसे घसरली ती पहिल्या तीन महिन्यांत. म्हणजे आम्ही टाळ्या वाजवून घरी जातो, नेमका तोच काळ.

या काळात व्यायामाचा उपयोग होतो, असे आमचे मत आहे. तलफ ही लाटेसारखी येते, चढते आणि बहुधा काही मिनिटांत ओसरते. दहा-पंधरा मिनिटे झपाझप चालले तर तंबाखूची तलफ तेवढ्यापुरती कमी होते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. दारूबाबत पुरावा अजून इतका पक्का नाही, तेव्हा व्यायामाने दारू सुटते असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. पण झोप न लागणे आणि मन खचणे ही दोन कारणे माणसाला पुन्हा बाटलीकडे ढकलतात, आणि या दोन्हींवर नियमित व्यायामाचा गुण येतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणात योगासने दिनक्रमात आहेत, ती काही हौस म्हणून नाहीत.

यावर बैठकीत हमखास प्रश्न येतो : साहेब, दिवसभर कुदळ मारतो, आणखी कसला व्यायाम? प्रश्न रास्त आहे. पण कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. कष्ट दुसऱ्याच्या किंवा पोटाच्या हुकमाने होतात, अंग मोडून टाकतात, आणि मोडलेले अंग हेच तर पिण्याचे पहिले निमित्त असते. "अंग दुखतंय, म्हणून घेतली," हे वाक्य ऐकले नाही असा कार्यकर्ता आम्हाला दाखवा. शिवाय कष्ट दिवस मावळता संपतात. खरा धोक्याचा वेळ त्यानंतरचा, सहा ते आठचा. बाजारचा दिवस असेल, खिशात पट्टीचे पैसे असतील, तर विचारायलाच नको. आणि रब्बी निघाली की चैत्र-वैशाखात तर कष्टही नसतात, नुसता पार असतो.

म्हणून व्यायाम त्या वेळेला हवा आणि तो चारचौघांत हवा. एकट्याने जोर काढणारा चौथ्या दिवशी थांबतो. तालीम असेल तर तालीम, पोरांची कबड्डी असेल तर कबड्डी. काहीच नसेल तर शिवेपर्यंत चालत जाऊन यावे. माळकरी दारू सोडतो आणि आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर दिंडीबरोबर चालतो; त्या चालण्याला सोबत असते, हे आम्ही शिकलेल्यांनी कधी नीट पाहिलेच नाही.

एक सावधगिरी मात्र ठळक सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर पहिल्या काही दिवसांत हातपाय कापतात, झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. त्या दिवसांत त्याला पळवू नका, दवाखान्यात न्या. यकृत किंवा हृदय बिघडलेले असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. आणि व्यायाम लागला म्हणून गोळ्या किंवा समूहाच्या बैठका सोडू नयेत.

आता घरचे. मोर्चा संपवून परतताना आमचा ट्रक कोणत्या ढाब्यावर थांबतो, हे सर्वांना माहीत आहे. नुकताच दारूतून सुटलेला गडी त्याच ट्रकमध्ये बसलेला असतो. येत्या जिल्हा बैठकीत हा विषय आम्ही पहिल्यांदा घेणार आहोत, ठरावासाठी नव्हे. पहिल्या दिवसाचे कामकाज संध्याकाळी साडेपाचला थांबेल, सहाला सगळ्यांनी कॅनॉलच्या रस्त्याने चालायला निघायचे, आठला जेवण. प्रत्येक तालुक्याने केंद्रातून परतलेल्या आपल्या माणसांसाठी शेजारची दोन माणसे ठरवून यावे. पुढचे तीन महिने रोज सहाला त्यांच्या दारात जाऊन हाक मारतील अशी.

त्या कार्यकर्त्यालाही निरोप धाडला आहे. तो पुन्हा केंद्रात जाऊन आला. येतो म्हणाला, फक्त हार-नारळ नको म्हणाला.